समीरने घातलेली घडी

हॅनोव्हर, रविवार संध्याकाळ

समीरची स्की विकत घ्यायला उद्या कुणीतरी येणार आहे. चढताना स्कीखाली चिकटवायच्या पट्ट्यांचा गोंद शाबूत आहे का, ते बघायचं होतं. गेल्या जुलैत आइसलँडच्या त्या बर्फाळ ज्वालामुखीच्या माथ्यावर समीरनेच गोंदाला गोंद लावून त्यांची घडी घातली, मग आम्ही स्कीवरून खाली उतरलो. हिवाळ्यात तो गेला. घडी तशीच होती.

सोडवायला दोघं लागतात. एकटीने झटून पाहिलं. शेवटी म्हटलं, "आई, हे टोक धरता?"

सासूबाईंनी धरलं, ओढलं. आत गोंदात काळी राख. तिच्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "इतका वर गेला होता होय गं?" मग म्हणाल्या, "हे नको देऊस. घाल परत घडी."

दोघींनी घातली. पण ही आता आमची घडी. त्याची मीच सोडवली. कशाला?