मांडी कुणाची?

९ ऑगस्ट
खड्डा गुडघाभर खोल झाला! वरच्या थरात मातीची भांडी, डुकराची हाडं. जेवणावळच झालेली दिसते, आणि तीही दोन हजार वर्षांपूर्वीची.

तेव्हाचा तो ग्रीक प्रवासी-लेखक पाहुणा म्हणून आमच्या केल्ट पूर्वजांकडे यथेच्छ जेवून गेला आणि घरी जाऊन लिहिलं काय? तर हे लोक पंगतीत डुकराच्या मांडीवरून एकमेकांचे जीव घेतात! खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला. तीस वर्षं शाळेत पोरांना सांगत आले, तो खोटारडा आहे. आता खड्डाच सांगेल.

११ ऑगस्ट
शेत लेऑन्सचं. मसूर निघाला, सोमवारी नांगर घालणार म्हणतो. माझाच विद्यार्थी, पण तेव्हाही हट्टीच होता. "बाई, क्लेर्मोंच्या प्राध्यापकांनी खोदकाम महत्त्वाचं आहे असं लेखी दिलं तर महिनाभर थांबतो. नाहीतर सोमवार म्हणजे सोमवार."

प्राध्यापक शनिवारी येताहेत. सगळं त्यांच्या हाती.

१२ ऑगस्ट
बाप्तिस्त खाटीक अख्खं डुक्कर देतोय. पाहुण्यांना पंगत घालू.

१५ ऑगस्ट
लिहायला लाज वाटते.

बाप्तिस्तने मांडी कापून प्राध्यापकांच्या ताटात ठेवली. लेऑन्स उठला — "शेत माझं, मांडी माझी!" बाप्तिस्त — "आणि डुक्कर काय तुझ्या आजोबांचं?" प्राध्यापक बिचारे ताट पुढे सरकवत होते, "घ्या ना, घ्या." मी दोघांना दटावायला उठले. देवाशपथ, दटावायलाच! पण लेऑन्स म्हणाला, "बाई, तुम्ही यात पडू नका, तुम्ही नुसती माती उकरता." नुसती माती!!

जवळ मांडीच होती. तीच उचलली.

१६ ऑगस्ट
लेऑन्सचा डोळा जांभळा. माझं मनगट सुजलंय. प्राध्यापक काल सगळं वहीत लिहून घेत होते. खड्डा गेला. चूक माझीच.

१७ ऑगस्ट
सोमवार. नांगर आला नाही! प्राध्यापकांचं पत्र आलं — "खोदकाम थांबवू नये. त्या ग्रीकावर माझा आता पूर्ण विश्वास बसला आहे."

लेऑन्स पत्र वाचून पोट धरून हसला. "खणा, बाई. चौथीतही एवढं लागलं नव्हतं."

६ सप्टेंबर
तळ लागला! डुकराच्या चार मांड्यांची हाडं, शेजारी शेजारी नीट मांडलेली. एकावरही सुरीची खूण नाही. कुणी हात लावला नाही, सगळ्या देवाला वाहिलेल्या. भांडणाचं नावही नाही. ग्रीक खोटा! रडूच आलं मला. लेऑन्सने रुमाल दिला. फोटो आजच क्लेर्मोंला पाठवले.

१० सप्टेंबर
प्राध्यापकांचं एका ओळीचं उत्तर — "बाई, पण मी स्वतः पाहिलंय."

त्या ग्रीकानेही बहुधा एकच शनिवार पाहिला असावा.