मुद्दाम ठेवलेली चूक

प्रिय मास्तरीणबाई,

बाबांनी तुला ठेवलेलं हे नाव किती दिवसांनी लिहिते आहे. फोनवर तू माझी सगळी चौकशी करतेस, पण त्यांचा विषय निघाला की तुला नेमकं काहीतरी काम आठवतं. म्हणून हे पत्र.

आपल्या घड्याळांच्या दुकानातून तू निघून गेलीस, त्याच्या महिनाभर आधी त्यांना ब्लॉग काढून दिला होतास. दर मंगळवारी लिहायचं, सोबत फोटो घालायचा, प्रत्येकाला उत्तर द्यायचं, म्हणजे ब्लॉग चालतो, असं कागदावर लिहूनही दिलंस. तो कागद अजून त्यांच्या भिंगाच्या डबीखाली आहे. चार वर्षांत या माणसाने एक मंगळवार चुकवलेला नाही. हट्टीपणा तू कुठून उचललास ते सांगायला नकोच.

सुरुवातीला वाचक म्हणजे मी एकटी, तेही चष्मा सापडला तर. मग एकदा त्यांनी लिहिलं, भिंतीवरचं घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाचं वजन खाली सरकवा. कुठून कुठून माणसं धावून आली, काका, खाली नाही, वर. तेव्हापासून दर लेखात एक चूक, आणि ती शोधायला वाचकांची ही झुंबड. प्रत्येकाला तुझे बाबा उत्तर देणार, चुकलो, आभारी आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली आणि आता टपल्या खातोय. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "चूक दिसली की आपल्या पोरीला राहवत नाही. कधीतरी लिहीलच."

लंबकाचं तुला आठवत असणारच. दुकान सोडलंस त्या दिवशी ते गिऱ्हाइकाला वजन खाली सरकवायला सांगत होते आणि तू म्हणालीस, बाबा, वर. बरोबर तूच होतीस. आणि कालच्या पोरीने मला शिकवू नये, असं ते सगळ्यांदेखत बोलले. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून दर मंगळवारी चारचौघांत चुकत राहिले. ब्लॉग मात्र धो धो चालला.

गेल्या मंगळवारचा लेख आजवर सगळ्यांत जास्त वाचला गेला. त्यात सहा चुका निघाल्या. काका आज रंगात आहेत, म्हणून लोक खूश. मी विचारलं, यातली मुद्दाम ठेवलेली कुठली? त्यांनी लेख दोनदा वाचला आणि म्हणाले, "यात चूक कुठे आहे?" डॉक्टर म्हणतात, हा विसरण्याचा आजार आता वाढतच जाणार. काल हातात घड्याळाची चावी घेऊन मला विचारत होते, ही कुठल्या बाजूला फिरवायची. मी खूप रडले गं. तुझं नाव अजून आठवतं त्यांना. या मंगळवारी लिहू नकोस, ये. शेजारी बसून चूक काढ. तू बरोबर आहेस हे त्यांना कळतंय, तोवर ये.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई