आडवी रेघ नसलेला सात

११ ऑक्टोबर २०२३, बुधवार

प्रिय कार्स्टन,

पाकिटावरचं अक्षर बघून कुणाचं पत्र ते तू ओळखलं असशील. न उघडता फेकून दिलं नसशील असं धरून पुढे लिहिते. मी बरी आहे, डावा गुडघा सोडला तर. तुमचं दोघांचंही ठीक असावं. ग्वेनच्या नाताळच्या कार्डावरून जेवढं कळतं तेवढंच मला कळतं, आणि त्यात ती कुत्र्याविषयीच जास्त लिहिते.

इकडे बीट काढून झालं. ट्रकांतून सांडलेल्या बीटांनी रस्ता भरलाय. आपल्या घराच्या नव्या मालकांनी पुढच्या ओसरीला हिरवा रंग दिलाय. आई असती तर तिने महिनाभर त्या रस्त्याने जाणं टाळलं असतं. मी येत्या जूनमध्ये निवृत्त होईन. राज्य ग्रंथालयात तेहतीस वर्षं झाली. काम तेच. लोक येतात आणि विचारतात, इथल्या राजकारणावर, निवडणुकांवर खात्रीचं असं कुठे मिळेल? मी सांगते, राज्य सरकार निकाल छापतं ते निळं पुस्तक बघा, त्या वेळची वर्तमानपत्रं बघा, काउंटीची प्रमाणित निकालपत्रं बघा. तिन्ही जुळली की निर्धास्त व्हा.

सप्टेंबरात वर्लिन ऑपडाल नावाचे गृहस्थ आले. नागरिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. दर दोन वाक्यांनी चष्मा पुसतात. अगदी थोडक्या मतांनी लागलेल्या निकालांवर ते एक लेख लिहितायत. त्यांच्या यादीत तुझी १९८८ची निवडणूक होती. चार मतांनी हार.

मी तिन्ही आणून त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "तिन्हीकडे चारच आहेत. झालं की."

"झालं कसं, बाई? पेपरवाल्यांनी आकडा कुठून घेतला?"

"निकालपत्रावरून."

"आणि निळ्या पुस्तकाने?"

"निकालपत्रावरूनच."

"म्हणजे साक्षीदार एकच, कोट बदलून तीनदा आलाय. माझ्या वर्गात यावर मी शून्य द्यायचो. निकालपत्राच्या मागे काय आहे?"

निकालपत्राच्या मागे काउंटीतल्या एकेका टाउनशिपचे हाताने लिहिलेले तक्ते असतात, हे तुला सांगायला नको. बाबांच्या काउंटी कचेरीत आलेल्या प्रती नियमाप्रमाणे दोन वर्षांच्या आत नष्ट झाल्या. पण टाउनशिपची स्वतःची वही तिच्या कारकुनाकडेच राहते. नॉर्डबी टाउनशिप बरखास्त झाली तेव्हा तिचं दप्तर आमच्याकडे आलं होतं. मी पेटी वर आणली.

आल्मा रूडी आठवते? नॉर्डबीची कारकून, जी मतदानाच्या दिवशी स्वतःच्या कोंबड्यांची अंडी विकायला आणायची. वही तिच्याच हातची. तिचा एकाचा आकडा, 1, तू पाहिला आहेस. खालपासून उभ्या रेघेएवढी लांब शेपटी वर चढवत न्यायची, मग रेघ खाली. नॉर्वेहून आलेल्या बापाने शिकवलेला एक, नवख्याला सातच वाटेल असा. आणि तिचा सात, 7, नेहमी पोटात आडवी रेघ मारलेला. आजीही तसंच लिहायची.

वहीत तुझी मतं सेहेचाळीस. समोरच्याची अकरा. एक कोरी. बेरीज अठ्ठावन्न, आणि सह्या केलेले मतदारही अठ्ठावन्न. निकालपत्रात मात्र समोरच्याची सतरा आहेत. टंकताना अकरातल्या दुसऱ्या एकाचा सात वाचला गेला.

त्याला सहा मतं जास्त पडली. तू चार मतांनी हरला नव्हतास, कार्स्टन. दोन मतांनी निवडून आला होतास.

हे वाक्य मी कच्च्या कागदावर तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा काही वाटलं नाही. त्या दिवशीही पेटी बंद केली, खाली जाऊन टोमॅटोचं सूप प्यायले, आणि दुपारी एका बाईंना जुन्या मतदारसंघांचे नकाशे काढून दिले.

ऑपडालांचा लेख जानेवारीत येईल. तुला आधी घरातून कळावं म्हणून लिहिलं. एवढंच.

सोली

* * *

८ नोव्हेंबर २०२३, बुधवार

प्रिय कार्स्टन,

तुझं कार्ड मिळालं. दीपगृहाचं चित्र छान आहे. मागे एकच ओळ आहे, तीही तू पेन दाबून लिहिलीस: "म्हणजे म्हाताऱ्यानेच केलं. मला माहीतच होतं."

ते कार्ड मी फ्रिजवर लावलं. आठवडाभर दूध घ्यायला फ्रिज उघडताना वाचलं. आज मतदानाला बरोबर पस्तीस वर्षं झाली, म्हणून नव्हे, पण आज लिहायला बसले.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, 'सात वाचला गेला'. असं वाक्य कुणी वाचक माझ्यापुढे घेऊन आला असता तर मी विचारलं असतं, कुणी वाचला? तू विचारलं नाहीस. तू उत्तर घरून घेऊनच निघाला होतास.

मी वाचला.

बाबा ऑडिटर, म्हणजे काउंटीतली निवडणूक त्यांच्या अखत्यारीत. पण त्या कचेरीतलं टंकयंत्र माझं होतं. बावीस वर्षांची होते, मिनिॲपोलिसहून सेक्रेटरीचा कोर्स करून आलेले, आणि आपल्याकडच्या म्हातारबायांचं सगळंच मला गावंढळ वाटायचं. निकाल तपासणाऱ्या मंडळाचे तिघं टेबलाशी बसले होते. मी तक्त्यावरून मोठ्याने वाचत होते, ते टंकलेल्या पानावर खुणा करत होते. नॉर्डबी आलं. मी म्हटलं, सतरा. कुणी मान वर केली नाही, कॉफी आली होती. आडवी रेघ नसलेला सात हा आपल्याकडे सात नसतो, हे मला पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. आजीने तेवढ्यासाठी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती.

तू फेरमोजणी मागू का म्हणून फोन केलास. बाबा म्हणाले, "आकडे नीट आहेत, मी स्वतः सही केली आहे." तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत होतं. तू त्यांच्या शब्दावर मुदत जाऊ दिलीस. मुदत संपली शुक्रवारी. सोमवारी ते तक्ते तिजोरीत ठेवायला निघाले, आणि वाटेत माझ्या टेबलाशी थांबले. नॉर्डबीचा तक्ता माझ्यापुढे ठेवला, आकड्यावर बोट ठेवलं.

"सोली, हा आकडा किती?"

मी पाहिलं. त्याच्या खालच्याच ओळीत आल्माने सात काढला होता, पोटात रेघ मारून.

"सतरा," मी म्हटलं.

त्यांनी बोट उचललं. मग म्हणाले, "सही माझी आहे, सोली." आणि तक्ता घेऊन आत गेले. मी दुसरा कागद यंत्रात घातला.

मुदतीनंतरही ते बोलू शकले असते. राजधानीत कळवलं असतं, कोर्टात गेलं असतं, काहीतरी झालं असतं. नाही बोलले, ही त्यांची चूक, आणि ती मी झाकत नाही. पण बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, वाचून कुणी दाखवलं? भावाच्या निवडणुकीत बहिणीने. तू उभा होतास बाबांच्या विरुद्ध पक्षाकडून. मुलीला हाताशी धरून मुलाला पाडलं असंच लोक म्हणाले असते. त्यांनी दोन मुलांतलं एक निवडलं. मला विचारून नाही.

तीनच दिवसांनी थँक्सगिव्हिंग. तू टर्कीच्या त्या बाजूला उभा राहिलास आणि म्हणालास, "तुम्ही मला पाडलंत. स्वतःच्या पोराला." आई म्हणाली, "कार्स्टन, बस खाली, जेवण गार होतंय." बाबा ताटाकडे बघत राहिले. तू मला विचारलंस, "सोली, तू तर तिथेच होतीस. तू सांग."

मी लेफ्सेच्या पोळीला लोणी लावत होते. मी ते कडेपर्यंत लावलं, साखर भुरभुरली, गुंडाळी केली. म्हटलं, "मला त्यातलं काही कळत नाही."

तू दार आपटून गेलास. पुढचं तुला ठाऊक आहे. बाबा पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत, लोक म्हणाले थकले. मी ग्रंथालयात आले. दोन हजार नऊ साली तू त्यांच्या मातीला आला नाहीस तेव्हा लुथरन चर्चच्या तळघरात बायका म्हणाल्या, मुलगा किती दगड. मी त्यांना सँडविचं वाढत होते.

अजून एक. नॉर्डबीची पेटी आमच्याकडे आली २००५ साली. नोंद मीच केली: एक पेटी, सहा वह्या, स्थिती चांगली. उघडली नाही. त्या रविवारी बाबांना सांगितलं, "नॉर्डबीचं दप्तर आलंय." ते खिडकीतून पक्ष्यांच्या दाण्याच्या डब्याकडे बघत होते. म्हणाले, "कोरड्या जागी ठेवलंस ना?" मी हो म्हटलं. त्या वेळी ते होते, तू होतास, वही होती. अठरा वर्षं मी त्या फडताळापुढून रोज दोनदा गेले.

काल ऑपडाल लेखाचा कच्चा मसुदा घेऊन आले. त्यात वाक्य होतं: 'काउंटी ऑडिटरच्या चुकीमुळे'. मी म्हटलं, "हे खोडा. टंकणारीच्या चुकीमुळे."

"ती कोण?"

"मी."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "उफ्दा, अरे देवा," म्हणाले. मग शिक्षकच तो, "कागद काय आहे?"

मी निकालपत्र उलगडलं आणि तळाशी, डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे मोठ्या अक्षरांत बाबांची आद्याक्षरं आहेत, मग तिरकी रेघ, मग बारीक अक्षरांत टंकणारीची. प्रत्येक कचेरीतल्या प्रत्येक कागदावर असतात. त्या कागदाची प्रत तू वकिलाकडे घेऊन गेला होतास. तुम्ही सगळे सही बघत होतात.

"आणि तुमच्या वडिलांना नंतर कळलं होतं, त्यांनी तुमच्यासाठी तोंड मिटलं, याला कागद?"

"नाही. त्याला मीच."

"म्हणजे साक्षीदार एकच. तोही घरातला."

"हो. माझ्याकडे कुणी असा स्रोत आणला तर मी दुसरा शोधायला पाठवते."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "दुसरा आहे का?"

"नाही."

"मग लिहितो," ते म्हणाले, आणि लिहिलं. पेटीत मी एक चिठ्ठीही घातली आहे, माझ्या पूर्ण नावाने, म्हणजे पुढे कुणी शोधायला आलं तर त्याला मी गेल्यावरही सापडेल.

सांगितल्यावर रडू येईल असं मला वाटलं होतं. नाही आलं. गुडघा दुखत होता, घरी आले, बटाटे उकडायला लावले. बाबांविषयी वाटतं ते कुठेतरी खाली आहे हे मला माहीत आहे, पण हाताला लागत नाही.

बाबांना जे जे म्हणालास ते माझ्या नावावर कर. त्यांच्या थडग्याच्या दगडाशी वर्षातून एकदा जायला आता कुणी नाही, जूननंतर मीही मुलीकडे निघून जाईन. तू जाऊन ये. माझ्यासाठी नको. उत्तर आलं नाही तरी चालेल असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला चालणार नाही.

निकालपत्राची प्रत सोबत जोडली आहे. या खेपेला सही बघू नकोस. खाली, डाव्या कोपऱ्यात बघ.

बारीक अक्षरांतली,
सो. ट्वे.