ढवळ्या, पवळ्या आणि ऐंशी शेर

२१ ऑक्टोबर १९६१
ऐंशी शेर! यंदाही बरोबर ऐंशी. आणि अर्जुनराव? तोही ऐंशी! शारदा म्हणाली, "दिवाळीचे लाडू अजून व्हायचेत म्हणून." बायकोनं असं बोलायचं असतं का?

दसरा झाला की गावाची वजनं करायची, ही आमच्या दोरगाडीची रीत. खालच्या पेठेत, कापसाच्या काट्यावर. दोन डबे, एक दोर, वर टेकडीवर एक मोठं चाक. एक डबा खाली उतरतो तेव्हा त्याच्या भारानं दुसरा वर ओढला जातो. इंजिन नाही, वाफ नाही. उतरणारा डबा थोडा जड हवा, बस्स! म्हणून प्रत्येकाचं वजन वहीत. खालची वही माझ्याकडे, वरची अर्जुनरावाकडे. मी सकाळी वरच्या वाचनालयात जातो, तो वरून नदीकाठच्या मळ्यात उतरतो. ब्रेकवाला मोतीराम म्हणतो, "तुमची जोडी लय झ्याक. दोराले खबर बी लागत नाही."

तीन वर्षं झाली, आम्ही बोलत नाही.

२३ ऑक्टोबर
कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी मलाच दोष द्यायला नको. तीन वर्षांपूर्वीच्या वजनाला मी कोट काढला, घड्याळ काढलं. तर हा भर गर्दीत ओरडला, "कोट काढून काय होते बे मास्तर? दोन शेर तं तुही घमेंडच भरन!" सगळं गाव हसलं. शारदासुद्धा! बत्तीस वर्षं मास्तरकी केली, माझेच विद्यार्थी दात काढून हसत होते.

तेव्हापासून रोज मधल्या फाट्यावर डबे एकमेकांना ओलांडतात, तेव्हा तो डोंगराकडे बघतो, मी दरीकडे.

२६ ऑक्टोबर
सरकारी पत्र! २ नोव्हेंबरला इंजिनीअर तपासणीला येणार. आता टेकडीवर एस.टी. जाते, मग ही जुनी गाडी हवी कशाला, असा एकूण सूर. समाधान झालं नाही तर बंद.

बंद! मला जेवण गेलं नाही. मोतीराम चाकाला वंगण घालत बसला होता. त्याचा बाप याच ब्रेकवर होता.

२७ ऑक्टोबर
इंजिनीअरसाहेबांना सांगायला इतिहास काढून ठेवला. १९०९ साली एका गोऱ्या साहेबानं बांधली — मडमेचे गुडघे दुखत म्हणून! चाक शेगाव स्टेशनवर उतरलं, तिथून बैलगाड्यांनी आणलं. म्हणून लोकांनी डब्यांची नावं ठेवली ढवळ्या आणि पवळ्या. सागवानी बाकं अजून तीच. पितळेची घंटाही.

पहिल्या दिवशी मी बसलो होतो. दहा वर्षांचा. शेजारी अर्जुन. दोघं मिळून एक माणूस धरलं होतं! मग वाढलो, वजनं सारखी भरली, आणि मोतीरामाच्या बापानं कायमचं एकाला ढवळ्यात, एकाला पवळ्यात टाकलं. पुन्हा एका बाकावर बसलो नाही. हे साहेबांना सांगायचं नाही. उगाच.

३१ ऑक्टोबर
शेर आता सरकारातून जाणार, किलो येणार. साहेबांपुढे जुनाट कशाला दिसायचं? दोन दुपारी बसून सगळी वही किलोत केली. माझे पंच्याहत्तर — काय हलकं वाटतं!

अर्जुनरावाला कळवावं का? शारदा म्हणाली, "कळवा." मी म्हटलं, हुकूम सगळ्यांना आहे. त्यानंही केलंच असेल.

२ नोव्हेंबर
देवा रे!

इंजिनीअर खाली आले. तरणाताठा माणूस, हसरा. त्यांना ढवळ्यात माझ्याशेजारी बसवलं. सहा जणांची बेरीज करून मी भोंग्यातून वर ओरडलो, "साडेचारशे!" वर अर्जुनरावानं पवळ्याची बेरीज मोतीरामाला सांगितली, चारशे साठ. उतरणारा दहानं जड. उत्तम! घंटा झाली, वरच्यांनी धक्का दिला, वरचा उतार तीव्र, त्या जोरावर निघालो. मधल्या फाट्यावर दोर बघायला रिवाजाप्रमाणे थांबलो.

ते थांबलोच! मोतीरामानं ब्रेक सोडला. डबे जागचे हलेनात.

समोर हातभरावर पवळ्या. त्यात अर्जुनराव. डोंगराकडे तरी किती वेळ बघणार, शेजारीच मी होतो!

पाव तास गेला. शेवटी त्यानंच तोंड उघडलं. "मास्तर, तुहे साडेचारशे काय?"

"किलो."

"अन् माहे शेर!"

साहेबांनी कागद काढला, आकडेमोड केली. "म्हणजे उतरणारा डबा वीस किलो हलका आहे," म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. गणिताचा मास्तर मी!

"काऊन बे, मले सांगता नाही आलं?" अर्जुनराव म्हणाला.

 मी म्हटलं, "घमेंड." तोंडातून निघूनच गेलं. "दोन शेर."

तो हसला नाही. बाकावर सरकला आणि हात पुढे केला. "ये इकडं. तू आला का चालन गाडी."

मी धोतर सावरलं आणि ढवळ्यातून पवळ्यात पाय टाकला. त्यानं मनगट घट्ट धरलं होतं. डबा हलला, उतरायला लागला. मी वर जायला निघालो होतो, आणि खाली चाललो होतो! लहानपणानंतर पहिल्यांदा त्याच्या शेजारी. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू. तो नदीपर्यंत वांग्यांबद्दल बोलत होता.

साहेब वर पोचले. गाडीचं काय होईल, माझ्यामुळे? विचारायची हिंमत झाली नाही.

९ नोव्हेंबर
अर्जुनकडे फराळ. पत्र नाही.

१८ नोव्हेंबर
पत्र नाही. मोतीराम रोज चाक पुसतो.

२७ नोव्हेंबर
पत्र आलं. गाडी चालू राहणार! दोर, चाक, ब्रेक ठणठणीत. अटी दोनच. वही एकच, किलोत, दोघांच्या सह्यांनी. आणि सारख्या वजनाच्या माणसांनी नेहमी समोरासमोरच्या डब्यांत बसावं. मोतीरामानं पेढे वाटले.

म्हणजे मी ढवळ्यात, अर्जुन पवळ्यात. मरेपर्यंत.

अर्जुननं पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "मंग आपण पायऱ्यानं जाऊ."

तीनशे अठरा पायऱ्या आहेत. उद्या सकाळी सातला तो मला न्यायला खाली येतोय. पायी.