तिसऱ्या दिव्याचं भोक

मंगरूळपीर, शुक्रवार, १२ मार्च १९७६

संध्याकाळपासून एकच डोक्यात आहे. ते भोक.

पंपाच्या स्टार्टरपेटीवर 'चालू', 'बंद' आणि दोन दिव्यांच्या जागा रंगानं उमटवायचा पत्र्याचा साचा मी बनवला. वर्कशॉपात सगळ्यांना सांगितलं होतं, ज्याला हवा त्यानं आपल्या पत्र्यावर उतरवून घ्या. अट एकच, सुधारलात तर तेही दुसऱ्यांना उतरवू द्या.

वर्कशॉपातल्याच गजाननभाऊंनी तो उतरवून घेतला आणि त्यात तिसऱ्या दिव्याचं भोक पाडलं. विजेच्या फेज तीन असतात; तिसरी गेली तर दोन दिव्यांवर कळत नाही आणि मोटर जळते. सुधारणा चांगली आहे. राग त्याचाच जास्त येतो.

आज मेडशीचा वायरमन सुधाकर तो नवा साचा उतरवायला आला.

"माह्या परवानगीशिवाय जमणार नाही," भाऊ म्हणाले.

"काहून? ताईचा तं मोकळा होता."

"तो जुना झाला. हे भोक म्या पाडलं ना बाप्पा."

एक भोक. बाकीचा पत्रा कोणाचा?

मी अटीची आठवण दिली. ते हसले. "पत्र्यावर कुठं लिहेल हाय?"

सुधाकर रिकाम्या हातानं गेला. त्याच्याकडच्या मोटरी जळत राहणार, एका भोकापायी.

मी भांडले नाही. नवा पत्रा कापला. तिसरा दिवा घेतला, अटीप्रमाणे तो माझाही आहे. आणि अट अक्षरांत कोरली, 'चालू'च्या अगदी अंगाला. ब्रशच्या एका फटक्यात दोन्ही उमटतात. अट कापायची तर 'चालू'ही कापावं लागेल.

उद्या पहिल्या बसनं मेडशी.