अकरा रेकॉर्डी आणि भांड्यांचा साबण

अहो,

पत्र लिहायची मला सवय नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. चौथीपर्यंतची शाळा, त्यातही निम्मा वेळ धाकट्या बहिणीला कडेवर घेण्यात गेला. लग्नाआधी तुम्ही दोन पत्रं पाठवलीत, त्यांनाही मी उत्तर दिलं नव्हतं. पण काल रविवारी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. मुक्ताला काय सांगू, ती तिथेच होती. बाकी कोणाला त्यातलं काही कळणार नाही. तेव्हा तुम्हीच ऐका.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. तुमच्या रेकॉर्डी मी धुतल्या.

हो, धुतल्या. अकराच्या अकरा. कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने.

चिडायच्या आधी पुरतं ऐकून घ्या. शेवटच्या आठवड्यात तुम्हाला धड बोलता येत नव्हतं. मी पाण्याचा चमचा घेऊन उशाशी. वाटलं, आता माझ्याबद्दल काहीतरी बोलतील. आणि तुम्ही काय म्हणालात? "शालन, त्या बँडच्या अकरा रेकॉर्डी मंडळाला दे. संच मोडू नकोस." बस. बत्तीस वर्षांचा संसार, आणि शेवटची काळजी कसली, तर संचाची. रविवारी दुपारी बुर्टहाउसच्या, म्हणजे इथल्या वस्तीच्या समाजमंदिराच्या, हॉलात बसून जुनी इंग्रजी गाणी ऐकणारे सहा म्हातारे डच आणि सातवे तुम्ही, हे तुमचं मंडळ. राग आला होता मला. अजून थोडा आहे.

पण दे म्हणालात, तर द्यायच्या. तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि मी त्या खाली काढल्या. वर्षभराची धूळ बसलेली. आता मला सांगा, कोणाचा डबा परत करताना आपण तो तसाच देतो का? मग तुमची शेवटची वस्तू लोकांच्या हातात देताना मी धुळकट कशी देऊ? कव्हरं पलंगावर मांडली, रेकॉर्डी टबात टाकल्या. मधल्या गोल कागदावर तुमच्या बोटांचे डाग दिसले, म्हणून तिथे जरा जास्तच घासलं. कागदाचा लगदा झाला. त्यावरची छापील अक्षरं पाण्याबरोबर मोरीत गेली. मग बघते तर भांड्यांच्या रॅकमध्ये अकरा काळी ताटं ओळीने उभी, आणि एकीवरही नाव नाही.

कोणती रेकॉर्ड कोणत्या कव्हरातली, कसं कळायचं?

शनिवारी मुक्ता युट्रेख्टहून आली. दारातच थांबली. रॅककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आई, व्हॉट डिड यू डू?" मग डचमध्ये काहीतरी पुटपुटली. तिला वाटलं मला कळलं नाही. चोवीस वर्षं इथल्या बाजारात भाजी घेतेय मी, शिव्याच आधी शिकले.

मग खाली बसली आणि रडली. अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत म्हणाली, "बाबांनी एवढं एकच मागितलं होतं. आता हे कोण घेणार?" मी पलंगावरची कव्हरं एकावर एक रचत बसले.

पहिली रेकॉर्ड आठवते तुम्हाला? चिंचवडच्या कारखान्यातला तुमचा साहेब बदली होऊन गेला आणि जाताना ती तुमच्या हातात ठेवून गेला. कव्हरावर कंदील. टूलरूममधला फिटर तुम्ही, आयटीआयवाले, इंग्रजी तुम्हालाही बेताचंच. घरात वाजवायला यंत्रसुद्धा नव्हतं. आठ महिने नुसतं कव्हर बघत बसायचात. माझी आई म्हणाली होती, "जावई बरा आहे, पण कंदिलाकडे फार बघतो."

बाकीच्या दहा सगळ्या इथे परदेशात नोकरीला आल्यावर. सायकलवरून हिंडून, जुन्या बाजारांत खोकी उपसून. शेवटची युट्रेख्टला मिळाली तेव्हा गाडीत मांडीवर घेऊन बसून आलात, जशी काही मुलगी बघून, पसंत करून घेऊन निघालात. त्या बँडने उभ्या आयुष्यात अकराच रेकॉर्डी केल्या, म्हणालात, आणि आता अकराही आपल्या घरात आहेत. मी म्हटलं, बरं झालं, म्हणजे आता संपलं. तुम्ही इतकं हसलात.

मला वाचता येत नव्हती ती नावं. म्हणून चित्रांवरून माझी नावं पडली. कंदील, शिडी, पूल, छत्र्या, कोंबडा, निळं दार, टोपलीवाली. शेवटी शेवटी तुम्हीही तसंच म्हणायला लागलात. "शालन, आज कोंबडा लावू का?" आणि मी आतून ओरडायची, "लावा, पण आवाज कमी." एका बाजूला एकच गाणं. पोळ्यांची कणीक मळून, मुरवून, निम्म्या पोळ्या लाटून व्हायच्या तरी यांचं गाणं चालूच. गाणारा तोंड उघडायलाच सहा मिनिटं घ्यायचा. मी तुम्हाला किती टोचून बोलले असेन त्यावरून. आज त्यातला अर्धा शब्दही मागे घेणार नाही. पण अर्धा घेते.

तर काल. मुक्ता म्हणाली, मंडळातल्या केसला फोन करून सांगते की देणं रद्द. मी म्हटलं, रद्दबिद्द काही नाही, मी केलंय, मीच जाऊन तोंडावर सांगते. ह्या लोकांचं आणि माझं तेवढं एक जमतं. रेकॉर्डी एका पिशवीत, कव्हरं दुसऱ्या पिशवीत, आणि निघालो.

तुमचा केस. नाव केस आणि डोक्यावर एक नाही. मी माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं, "मी धुतल्या. साबण. नावं गेली." केसने एक रेकॉर्ड खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी धरली, फिरवून फिरवून बघितली. मग म्हणाला, "कोमट पाणी?"

"कोमट."

"गरम असतं तर वाकल्या असत्या." एवढंच. ओरडला नाही. मग एक जाडं पुस्तक आणि भिंग घेऊन बसला. रेकॉर्डवर गाणं संपतं तिथे आतल्या कडेला बारीक आकडे कोरलेले असतात म्हणे, ते पुस्तकात शोधून नाव कळतं. तुम्ही मला कधी दाखवले नाहीत ते आकडे. एकेका रेकॉर्डीला पाच पाच मिनिटं. मुक्ता म्हणाली, "थांबा, मोबाईलला ऐकवू, तो लगेच सांगेल." केसने रेकॉर्ड लावली, तिने मोबाईल धरला. मोबाईलवरचं चक्र नुसतं गोल गोल फिरत बसलं.

"छत्र्या. दुसरी बाजू," मी म्हटलं.

मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. मोबाईलने मग काहीतरी इंग्रजी नाव दाखवलं. तिने कव्हर शोधलं. छत्र्यांचंच.

"पुढची लाव," मी म्हटलं. मला कुठे धीर असतो? सुई टेकते न टेकते तोच सांगायची. कोंबडा, पहिली बाजू. निळं दार, पहिली. टोपलीवाली, पण हिची दुसरी बाजू लागलीय, उलटी कर. मोबाईल मागे पडला. मग मुक्ताने तो पर्समध्येच टाकला. ते म्हातारे खुर्च्या ओढत ओढत जवळ आले. तुमची मुलगी, जी माझ्याशी चार शब्द मराठी बोलायला लाजते, ती सगळ्यांना डचमध्ये सांगत होती, "माझी आई. हो, शाळेत फार गेलेली नाही. नाही, तिला आम्ही कोणी शिकवलं नाही." तिचा आवाज असा मी तिच्या पदवीच्या दिवशीही ऐकला नव्हता.

दहाव्या रेकॉर्डीला अडकलं. घंटा वाजली, मग ती लांबलचक पेटी. केस लगेच म्हणाला, "ही त्यांची दुसरी रेकॉर्ड. शिडी." बाकीच्यांनी माना हलवल्या.

"नाही," मी म्हटलं. "पूल."

"बाई, हे गाणं शिडीवरचंच आहे. मी पन्नास वर्षं ऐकतोय."

"तेच गाणं त्यांनी पुलावर परत वाजवलंय. शिडीत घंटा पाच वेळा होते. पुलात चारच. आत्ता चार झाल्या."

"कोण मोजतं घंटा?"

"मी मोजते."

तुम्हाला आठवतंय का मी का मोजायची? पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं कुठेतरी आरती सुरू झाली, आणि मी लाटणं ठेवून हात जोडले. तुम्ही पोट धरून हसलात. तेव्हापासून मोजते, परत फसायला नको म्हणून. केसला हे कसं सांगायचं? मुक्ताने सांगितलं. कोणी हसलं नाही.

केसने रेकॉर्ड उचलली. भिंग लावलं. पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग चष्मा काढून म्हणाला, "पॉटफरडोरी." ही शिवी मला बाजारातली माहीत होती. माझंच खरं निघालं. पूल.

मग तो जे बोलला, त्यासाठी खरं तर हे पत्र. म्हणाला, "तुमचा नवरा आम्हाला नेहमी सांगायचा, माझ्या घरात एक जण आहे, तिला ह्या अकरा माझ्यापेक्षा जास्त कळतात. आम्हाला वाटायचं चेष्टा करतो. मग तुम्ही इथे कधी आला का नाहीत?"

मी म्हटलं, "मला कोणी बोलावलं?"

का नाही बोलावलंत हो? दर रविवारी कोट घालून निघायचात. "तुला कंटाळा येईल," म्हणायचात. मी म्हणायची, "जा, घर शांत राहील." दोघांनीही खोटंच बोलायचं ठरवलं होतं का? बाहेर सहा माणसांपुढे माझी तारीफ करायचात आणि घरात एक शब्द नाही. एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगितलं असतंत तर काय झालं असतं? मी फुशारले असते, एवढंच ना? फुशारू द्यायचं होतं.

आणि तुम्हीही काय काय लपवलंत. मंडळाचं रेकॉर्डी वाजवायचं यंत्र बंद पडलं तेव्हा पितळेचा छोटा भाग तुम्ही स्वतः घडवून आणलात, तो अजून चालतोय. केसने ढकलून दाखवला. बाजारात मिळत नाही, म्हणाला, कारखाना बंद झाला, हा तुमच्या नवऱ्याच्या हातचा आहे. तिथे उभी राहून मला एवढं भरून आलं. ज्यांनी जगभरची यंत्रं बनवली अशा लोकांच्या गावात, चिंचवडच्या फिटरचा पितळी तुकडा सगळ्यांची गाणी फिरवतोय.

अकरा रेकॉर्डी अकरा कव्हरांत गेल्या. वाजतात चांगल्या. एक म्हातारा तर म्हणाला, आधीपेक्षा करकर कमी आहे, माझ्याही धुवून द्याल का? मी नाही म्हटलं. एकदा पुरे.

राहिला प्रश्न मधल्या कागदाचा. केसने पांढरे गोल कागद कापून आणले. मुक्ता इंग्रजी नावं लिहायला बसली, तर तो म्हणाला, "इंग्रजी कव्हरांवर आहेच. इथे ही बाई म्हणते ती नावं हवीत. तिच्याच लिपीत." मुक्ताने पेन माझ्याकडे सरकवलं. "मला येत नाही गं नीट," मी म्हटलं. ती म्हणाली, "मला तर मुळीच येत नाही, आई. तू लिही." मराठीत म्हणाली, अख्खं वाक्य.

बावीस कागद लिहिले. कंदील, पहिली बाजू. कंदील, दुसरी बाजू. हात दुखला, अक्षर वाकडं आलं, एका छत्रीतला र राहिला तो वर घुसवला. सहा डच माणसं भोवती उभी राहून बघत होती, शाळेत गुरुजीसुद्धा एवढं बघत नसत. मग त्यांनी ते कागद चिकटवले. त्या बँडवाल्यांना कधी कळलं तर कळो, त्यांच्या सगळ्या कामावर आता माझं अक्षर आहे.

मंडळाच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे असायची. तुमच्यानंतर ती नुसती खिळ्याला लटकत होती. केसने ती काढली आणि माझ्या हातात दिली. विचारलंसुद्धा नाही.

तर ऐका. रविवारी मी जाणार. दर रविवारी, तब्येत असेपर्यंत. अकरा एकत्र राहतील, ओळीने, मी लावीन त्या क्रमाने. आणि कोणी म्हणालं, एकच घरी नेतो, पुढच्या आठवड्यात परत आणतो, तर मी त्याला सांगणार आहे: नेता यायची नाही. इथे बस आणि ऐक.

तुमची,
शालन