खालापूरच्या खुर्चीसाठी आठ धडे

६ जानेवारी, सोमवार
मुंबई ऑफिसने सगळ्या स्टाफला ऑनलाइन कोर्स दिलाय. फुकट. त्याची खरी किंमत, कालपर्यंतची: एक अख्खा रविवार (पासवर्ड बनवण्यात), एक नवी वही आणि बायकोने दोनदा विचारलेलं, या वयात?

आठ धडे. प्रत्येकाला व्हिडिओ, शेवटी पाच प्रश्न. २८ फेब्रुवारीपर्यंत जो पूर्ण करेल त्याचाच खालापूर तालुका समन्वयक म्हणून विचार. जागा माझीच आहे. मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या या संस्थेत टेंपोवर ड्रायव्हर म्हणून लागलो, दप्तरं पोचवता पोचवता कर्जत तालुका हातात घेतला. जे शिकलो ते कानांनी. माझ्या कानांतून काही सुटत नाही.

संकल्प: रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा.

९ जानेवारी, गुरुवार. पहाटे ५.४०
उठलो. चहा. मोबाइलला चार्जिंग नाही. सोमवारपासून.

१३ जानेवारी, सोमवार
सोमवार आला, पण उद्या संक्रांत. सणाच्या तोंडावर नवीन काही नको.

१७ जानेवारी, शुक्रवार
पार्टिशनपलीकडे समिधा कुजबुजत होती. समिधा म्हणजे आमची ज्युनिअर, दोन वर्षं झाली लागून, डिग्रीवाली. अकाउंट बघणाऱ्या कमलेशला सांगत होती, भाऊंना (म्हणजे मला) आत्ता कळू द्यायचं नाही, आठही होऊ दे, मग. कमलेश म्हणाला, खालापूरला बाईच पाहिजे.

मी खोकलो. दोघं लगेच स्टेपलरच्या पिना संपल्याबद्दल बोलायला लागले.

पिना संपलेल्या नाहीत. मी जाऊन बघितलं. म्हणजे समिधाचा खालापूरवर डोळा आहे.

२१ जानेवारी, मंगळवार
मार्ग सापडला. भिवपुरीजवळच्या आमच्या अभ्यासिकेत माझी दर मंगळवारी व्हिजिट. ती चालवतात सोनुबाई. बारावी झालेल्या, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे संस्थेचा टॅब असतो. त्यावर कोर्स दाबला तर पासवर्ड न विचारता उघडला. माणसाची वट असली की मशीनसुद्धा अडवत नाही.

पहिले दोन धडे लावून दिले. म्हटलं, मी वाडीवर जाऊन येतो, तुम्ही बसून ऐका आणि प्रश्न आले की उत्तरं दाबा. सोनुबाई म्हणाल्या, मी दाबू भाऊ? न् चुकलं तर वो? म्हटलं, मी आहे ना.

परत आलो तर दहापैकी नऊ. याला डेलिगेशन म्हणतात. तिसरा धडा त्याच्यावरच आहे. न बघताच आला मला.

२८ जानेवारी, मंगळवार
चार धडे पूर्ण. या वेळी दहापैकी दहा. माझी प्रगती आहे.

मात्र एक खटकलं. समिधाची स्कूटर अभ्यासिकेबाहेर दिसली होती म्हणे. सोनुबाईंना विचारलं, ती इथे कशाला येते? पदराचं टोक पिळत म्हणाल्या, काय नाय भाऊ, असंच. साधी बाई. बजावून ठेवलं, जपून राहा, ती गोड बोलून सगळं काढून घेते.

४ फेब्रुवारी, मंगळवार
सहा. जाताना सोनुबाईंनी विचारलं, खालापूरला रोज जायाचं तर कसं जायाचं वो? माझ्या दगदगीची घरी कोणाला एवढी काळजी नाही. कागदावर लिहूनच दिलं: कर्जतहून चौक, तिथून शिळफाट्याची गाडी, मध्ये खालापूरला उतरायचं, घरातून साडेसातला निघायचं. त्यांनी कागद नीट घडी करून ठेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आठपैकी आठ! सतरा दिवस हातात ठेवून! डिग्रीवाल्यांनी शिकावं.

सोनुबाईंच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी आपल्या कामाबद्दल चार ओळींचं पत्र मागितलं. कशाला, ते मी विचारलं नाही. आज मन मोठं होतं. ‘यांच्यावर कोणतीही मोठी जबाबदारी डोळे झाकून टाकावी’ असं लिहून सही-शिक्का दिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
समिधा गोड आवाजात म्हणाली, भाऊ, तुमचा कोर्स राहिलाय ना? चारच दिवस आहेत, मी बसू का तुमच्याबरोबर?

डाव ओळखला. उत्तरं काढून घ्यायचीत. हसून म्हटलं, मॅडम, आमचं केव्हाच झालंय. ती कमलेशकडे बघत राहिली. कमलेशने मला स्टेपलरच्या पिना देऊ केल्या.

३ मार्च, सोमवार
मुंबईचा मेल. खालापूर समन्वयक: सोनुबाई. सोबत शिफारसपत्र जोडलंय. अक्षर माझं.

समिधाने मग सांगितलं, त्या टॅबवर तिनेच जानेवारीत सोनुबाईंच्या नावाने कोर्स उघडून दिला होता. नापास झाले तर भाऊंना तोंड कसं दाखवू, म्हणून सोनुबाईंनीच लपवायला सांगितलेलं.

दुपारी त्या पेढे घेऊन आल्या. वाकायला लागल्या, मी अडवलं. म्हणाल्या, घरी एक घटका बसू देत नव्हते वो, आन् इथं पोरांचा गलका. तुमी सायेब दर मंगळवारी बसवून जायचात, म्हणून झालं माजं. माझ्या हातचा गाड्यांचा कागद अजून पर्समध्ये होता.

पेढा खाल्ला. चांगला होता.

मेलच्या तळाशी सगळ्या स्टाफचा तक्ता. माझी ओळ: लॉगइन एकदा, ५ जानेवारी. पूर्ण धडे शून्य. धडा पहिला, ‘समोरच्याचं नीट ऐकून घेणे’, सव्वीस मिनिटं. उघडलेला नाही.